दर पावसाळ्यात व्हायरल होणारा तो "ॲटलास" पतंग नेमका कोण?

पाऊस जरा स्थिरावला की कोकणातून, घाटमाथ्यावरून, गोव्यातून एक फोटो फिरायला लागतो. घराच्या ओट्यावर नाहीतर ट्यूबलाइटखालच्या भिंतीवर पंख पसरून बसलेला विटकरी-तपकिरी भलामोठा पतंग, आकार कळावा म्हणून शेजारी कुणाचा तरी पंजा, आणि वर मथळा, "जगातला सर्वात मोठा, अतिदुर्मिळ ॲटलास पतंग सापडला". दुसऱ्या दिवशी तो पेपरात येतो आणि तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर कुणीतरी त्याला विषारी ठरवून मोकळं होतं. आता त्या मथळ्यातलं "सर्वात मोठा" वादाचं आहे, "अतिदुर्मिळ" बहुतेक वेळा चूक आहे, आणि "ॲटलास" हे नाव तर आपल्याकडच्या पतंगाला लागू पडतं का यावरच प्रश्न आहे. यातला नावाचा मुद्दा सगळ्यात रंगतदार, म्हणून जास्त वेळ त्याच्यावरच घालवू.

आधी खानदान बघू

हा पतंग सॅटर्निड नावाच्या कुळातला. नाव परकं वाटलं तरी कुळ आपल्या ओळखीचं आहे. गडचिरोली, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर भागात ऐनाच्या झाडांवर कोसा रेशमाच्या अळ्या वाढवतात ना, त्या याच कुळातल्या, आणि आसामात एरंडाच्या पानांवर वाढणारं एरी रेशीम देणारा पतंगही याच कुळातला. तुतीवरचा नेहमीचा रेशीमकिडा मात्र यांचा सख्खा नाही, तो शेजारच्या कुळातला.

या कुळाची एक अजब गोष्ट म्हणजे पूर्ण वाढ झालेल्या पतंगाला खाता येईल असं तोंडच नसतं. सोंड असते ती नावापुरती. सगळं खाणंपिणं अळी असतानाच उरकायचं, अंगात साठवायचं, कोष करून त्यात पडून राहायचं आणि बाहेर आल्यावर त्या साठ्यावर आठवडाभर, फार तर दोन आठवडे काढायचे. मादी कोषातून निघाली की फार लांब जात नाही, तिथेच जवळपास बसून हवेत गंध सोडते आणि नर आपल्या पिसासारख्या रुंद मिशांनी तो वास पकडून अंधारात तिला शोधत येतो. ही मादीची "फार लांब जात नाही" सवय लक्षात ठेवा, पुढे तीच उपयोगी पडणार आहे.

भिंतीवर बसलेला सापडलाच तर घाई न करता जवळून बघा. चारही पंखांवर मधोमध एकेक तिकोनी खिडकी दिसेल, तिथे रंगीत खवलेच नसतात, त्यामुळे आरपार भिंतीचा रंग दिसतो. पुढच्या पंखाचं टोक बाहेर वळलेलं असतं, त्यावर गुलाबी-पिवळसर छटा आणि एक काळा ठिपका, आणि एका बाजूने बघितलं तर ते नागाच्या डोक्याची आठवण करून देतं. पतंगाला डिवचलं की तो खाली पडून पंख संथपणे हलवतो, तेव्हा तर हे टोक जास्तच तसं वाटतं. पक्ष्यांना घाबरवायला हे असावं असा अंदाज आहे, मला तो पटतो, पण पक्ष्याच्या डोक्यात काय चालतं ते पक्ष्यालाच माहीत.

त्या खिडकीचा आकार ओळखायला फार कामाचा आहे. कोसा रेशमाच्या पतंगाच्या पंखावरची खिडकी गोल, डोळ्यासारखी असते, एरीच्या पतंगाची चंद्रकोरीसारखी बारीक, आणि आपल्या या भल्यामोठ्या पाहुण्याची तिकोनी. म्हणजे फोटो बरा असेल तर एवढ्यावरूनच आपण कुळाच्या आतल्या कुठल्या गटाशी बोलतोय ते कळतं.

जीनस, स्पीशीज ही काय भानगड

दोनच शब्द लागतील. स्पीशीज म्हणजे अशा जीवांचा समूह जे आपापसात जुळतात, पिल्लं होतात, आणि तो वंश इतरांपासून वेगळा चालत राहतो. एकमेकांच्या अगदी जवळच्या स्पीशीजचा जो गट, तो जीनस. तिकोनी खिडक्यावाल्या या गटाच्या जीनसचं नाव ॲटॅकस. स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली पतंगांना नावं दिली तेव्हा जवळपास सगळे पतंग एकाच मोठ्या गठ्ठ्यात टाकले होते, त्यात "ॲटलास" नावाचा एक होता, आणि १७६७ मध्ये त्यानेच ॲटॅकस हे नाव वापरात आणलं. तेव्हापासून पूर्ण नाव झालं ॲटॅकस ॲटलास.

लोकांची गडबड इथेच होते. ॲटलास ही त्या जीनसमधली एक स्पीशीज आहे, अख्खा जीनस नाही. ॲटॅकसमध्ये डझनाहून जास्त स्पीशीज मानल्या जातात आणि त्या सगळ्या भारतापासून उत्तर ऑस्ट्रेलियाच्या टोकापर्यंतच्या पट्ट्यात पसरल्यात. रिचर्ड पाइगलर या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये या संपूर्ण जीनसची फेरतपासणी छापली, आज कुणीही ॲटॅकसवर बोलायला लागलं की गाडी तिथूनच सुटते. त्यानंतरही इंडोनेशियातल्या बेटांवरून नवी नावं आलीच आहेत.

मग आपल्याकडचा कोण?

उत्तर भारतात हिमालयाच्या पायथ्याची जंगलं, ईशान्य भारत, पुढे म्यानमार, दक्षिण चीन, तैवान, थायलंड, मलेशिया, सुमात्रा, जावा, बोर्निओ, एवढ्या सगळ्या प्रदेशात जो आहे तो ॲटॅकस ॲटलास. त्याची एक टोकाची वस्ती तर जपानच्या योनागुनी बेटावर आहे, तैवानपासून अगदी जवळ, आणि तिथल्या लोकांनी या पतंगासाठी चक्क एक म्युझियम काढलंय.

दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला मात्र वेगळा, त्याचं नाव ॲटॅकस टॅप्रोबॅनिस. हे नाव फ्रेडरिक मूर या ब्रिटिश अभ्यासकाने १८८२ साली श्रीलंकेच्या फुलपाखरं-पतंगांवर काम करताना दिलं. पश्चिम घाटातला, म्हणजे सह्याद्रीतल्या ओल्या जंगलातला पतंग बहुतेक अभ्यासक याच नावाखाली ठेवतात. म्हणजे सावंतवाडीत किंवा गोव्यात भिंतीवर बसलेल्याला "ॲटलास" म्हणणं, शास्त्राच्या भाषेत, बहुतेक चुकीच्या घराचा पत्ता आहे. अंदमानात आणखी तिसराच आहे, ॲटॅकस मॅकमुलेनी. एका देशात तीन, आणि आपण तिघांनाही एकाच नावाने हाक मारतो.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर भारतातल्या जुन्या नोंदींत, कॉलेजांच्या प्रोजेक्टांत, पेपरांत दक्षिणेतल्या पतंगालाही सर्रास ॲटलासच लिहिलेलं सापडतं, आणि टॅप्रोबॅनिसला स्वतंत्र स्पीशीज न मानता ॲटलासचाच एक प्रादेशिक प्रकार समजणारेही होऊन गेलेत. म्हणून फोटोखाली कमेंटमध्ये जाऊन "मूर्खांनो हा ॲटलास नाही" असं ओरडायची गरज नाही. पण दोन नावं का आहेत ते कळलं पाहिजे, आणि त्यासाठी नकाशा काढावा लागतो.

नकाशात काय दडलंय

कोकणातल्या माणसाला हे समजायला सोपं जाईल. एखादी खाडी अशी असते की ओहोटीला गुडघाभर पाण्यातून चालत पलीकडे जाता येतं, मग दोन्ही तीरांवरच्या वाड्यांत सोयरिकी होतात, सणवार एक, बोलणं एक. दुसरी खाडी खोल, ओहोटीलाही होडी लागते आणि तीही कधीमधीच चालते, मग काही पिढ्यांत पलीकडच्यांचा हेल बदलतो, शब्द बदलतात. आता ती ओहोटी सहा तासांची न धरता हजारो वर्षांची धरा.

साधारण २०,००० वर्षांपूर्वी, गेल्या हिमयुगाच्या ऐन भरात, इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटरने खाली होती. मलेशिया, सुमात्रा, जावा, बोर्निओ यांच्या मधला समुद्र उथळ, तो पार आटला होता आणि ही सगळी बेटं आशियाच्या मुख्य भूमीला जोडली गेली होती. अशी ओहोटी एकदाच नाही, गेल्या लाखो वर्षांत पुन्हापुन्हा आली. म्हणून या एवढ्या मोठ्या प्रदेशात एकच ॲटलास पसरलेला दिसतो यात आश्चर्य नाही, तिथली खाडी चालत ओलांडण्यासारखी होती.

बालीच्या पूर्वेला गेलात की चित्र पालटतं. बाली आणि लोम्बोक यांच्यातलं अंतर जेमतेम ३५ किलोमीटर, पण मधलं पाणी खोल, हिमयुगातही ते आटलं नाही. आल्फ्रेड रसेल वॉलेस या ब्रिटिश निसर्गअभ्यासकाला १८५० च्या दशकात तिथे फिरताना दोन बाजूंचे प्राणीपक्षी इतके वेगळे दिसले की त्या दोन बाजू वेगळ्या करणाऱ्या रेषेला पुढे त्यांचंच नाव पडलं. ॲटॅकसची यादी त्या बाजूला कशी जाते बघा. सुलावेसीवर एरेबस, मालुकू बेटांवर क्रॅमेरी, फ्लोरेस-सुम्बा भागात इनोपिनेटस, तिमोरला डोहर्टी, काई बेटांवर ऑरँटिॲकस, आणि शेवटी ऑस्ट्रेलियात डार्विनच्या आसपासच्या पावसाळी झुडपी जंगलांच्या तुकड्यांत वार्डी. फिलिपिन्समध्येही तेच, उत्तरेला लुझॉनवर लॉर्क्विनी, दक्षिणेला मिंडानाओवर सीझर. खोल पाणी आलं की नवं नाव, असं जवळजवळ म्हणता येईल.

जवळजवळच, कारण निसर्ग आपल्या सोयीने वागत नाही. पालावान हे फिलिपिन्सचं बेट बोर्निओच्या अगदी शेजारी आहे, म्हणजे तिथे ॲटलास असायला हवा होता, पण तिथला पतंग पाइगलरने १९८५ मध्ये वेगळी स्पीशीज म्हणून नोंदवला, लेमेअरी. मधली सामुद्रधुनी इतरांपेक्षा थोडी जास्त खोल आहे हे एक कारण असू शकतं. पण एवढ्यावर सगळा हिशोब बसवणं मला तरी जरा घाईचं वाटतं.

भारतात पुन्हा वेगळाच खेळ. दक्षिण भारत आणि श्रीलंका यांच्या मधला समुद्र एकदम उथळ, तो हिमयुगात अनेकदा कोरडा पडला, म्हणून दोन्हीकडे एकच टॅप्रोबॅनिस. पण दक्षिण भारत आणि ईशान्य भारत यांच्यात तर समुद्रच नाही, सलग जमीन आहे, मग तिथे दोन स्पीशीज कशा? तर मधली जमीन कोरडी आहे. दख्खनचं पठार, कमी पावसाचे पट्टे, पानगळीची विरळ झाडी. ओल्या दाट जंगलात राहणाऱ्या जीवाला ही कोरडी जमीन खोल खाडीइतकीच अडवते. पश्चिम घाट आणि ईशान्य भारत या दोन्ही टोकांना नातेवाईक आणि मधे कुणीच नाही, असा प्रकार कितीतरी प्राण्यांत आणि झाडांत दिसतो, ॲटॅकस त्यातला एक. आणि म्हणूनच मध्य भारतातून, पूर्व घाटातून जे पतंग मिळतात ते नुसत्या फोटोवर सोडून न देता नीट तपासायला हवेत, खरी सरहद्द तिथेच कुठेतरी असणार.

"अहो पण त्याला पंख आहेत, समुद्र काय अडवणार?"

पंख आहेत पण पेट्रोल नाही. खाणं बंद, आयुष्य आठवड्याचं, आणि मादीचं पोट अंड्यांनी जड. नर वाऱ्याबरोबर भरकटून दूरच्या बेटावर पोचेलही कधीतरी, पण एकट्या नराने वस्ती होत नाही. अंडी असलेली मादी पोचली पाहिजे, अळ्यांना चालेल असं झाड तिथे पाहिजे, आणि पुढच्या पिढीतले नर-मादी त्याच थोड्या दिवसांत बाहेर निघाले पाहिजेत. हे कधीकधी जुळून आलं असणारच, नाहीतर त्या खोल पाण्यापलीकडच्या बेटांवर मुळात ॲटॅकस पोचलाच नसता. पण इतक्या क्वचित की पोचलेल्यांचा वंश मग आपापल्या वाटेने गेला.

"दिसतात तर सगळे सारखेच, मग वेगळे ठरवतं कोण?"

हा आक्षेप रास्त आहे. रंगावर तर अजिबात जाऊ नका, एकाच मादीच्या पिल्लांतसुद्धा कुणी विटकरी, कुणी पिवळसर निघतो, ओलं-सुकं हवामान आणि खाल्लेला पाला यानेही फरक पडतो. अभ्यासक बघतात ते पंखांवरच्या पांढऱ्या-काळ्या रेषा कशा वळतात, खिडक्यांचा नेमका आकार, पंखाच्या कडेचा पट्टा, आणि सगळ्यात जास्त भरवशाचं म्हणजे नराचं जननेंद्रिय. ते मायक्रोस्कोपखाली उघडून त्याच्या काटेरी, आकड्यासारख्या भागांची तुलना करतात, कारण जवळच्या स्पीशीजमध्येही त्याची ठेवण बहुतेक वेळा वेगळी असते. म्हणजे मोबाइलच्या फोटोवरून छातीठोक नाव सांगणारा अभ्यासक असो की ॲप, त्याने मुख्यतः ठिकाण बघून अंदाज बांधलेला असतो. अंदाज बरोबर असू शकतो, पण तो अंदाज आहे.

तुलना करायची तर कशाशी? प्रत्येक स्पीशीजच्या नावामागे म्युझियममध्ये जपलेला एक ठरावीक नमुना असतो, त्याला टाइप म्हणतात, नाव त्या नमुन्याला चिकटलेलं असतं. ॲटॅकसचे बरेच टाइप लंडनला आहेत आणि त्याचं कारण वॉल्टर रॉथ्सचाइल्ड. हा बँकवाल्या घराण्यातला गडी बँकेत रमला नाही, लंडनजवळच्या ट्रिंग गावात त्याने स्वतःचं म्युझियम उभं केलं आणि जगभर माणसं पाठवून पक्षी, फुलपाखरं, पतंग गोळा करवले. त्यातला एक विल्यम डोहर्टी, अमेरिकन, इंडोनेशियाच्या बेटाबेटांवर फिरला आणि १९०१ मध्ये नैरोबीला आजाराने गेला. तिमोरच्या स्पीशीजला रॉथ्सचाइल्डने १८९५ मध्ये याच डोहर्टीचं नाव दिलं. रॉथ्सचाइल्ड १९३७ मध्ये वारला आणि संग्रह ब्रिटिश म्युझियमकडे गेला. सगळा गोतावळा इकडचा आणि टाइप तिकडे, त्यामुळे आपल्याकडच्या अभ्यासकाला पक्की तुलना करायची तर अजूनही लंडनकडे बघावं लागतं, हे मला खटकतं.

"डीएनए करा की, संपला विषय"

बराचसा संपतो, सगळा नाही. २००३ मध्ये कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी मांडलं की प्राण्यांच्या एका ठरावीक जीनचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वाचला की स्पीशीज ओळखता येते, त्याला डीएनए बारकोडिंग म्हणतात. पतंगांच्या एका पायातूनही ते होतं, म्हणजे नमुना खराब होत नाही. अडचण अशी की किती टक्के फरक म्हणजे वेगळी स्पीशीज, याची निसर्गाने कुठे रेघ मारून ठेवलेली नाही, ती आपण मारतो. शिवाय तो तुकडा फक्त आईकडून येतो, बापाची बाजू त्यात दिसतच नाही. म्हणून शहाणे लोक डीएनए, शरीररचना आणि नकाशा असे तिन्ही पुरावे मांडून मगच बोलतात.

नावाने असा काय मोठा फरक पडतो?

पडतो. २०२२ च्या जुलैमध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू गावात एका घराच्या गॅरेजवर ॲटलास पतंग सापडला, अमेरिकेतली ती पहिली नोंद ठरली. तिथे परवान्याशिवाय जिवंत ॲटलास बाळगायला बंदी आहे, कारण त्याच्या अळ्या लिंबूवर्गीय झाडं, पेरू, दालचिनी असं बरंच काही खातात. जिवंत कोष ऑनलाइन विकले जातात, पार्सलने फिरतात, आणि नाव बहुतेकांवर "ॲटलास" एवढंच. आता कस्टमच्या माणसाच्या हातात कोष पडला आणि तो उत्तर भारतातला, सह्याद्रीतला की एखाद्या छोट्या बेटावरचा हे कळलं नाही, तर कुठून चोरी होतेय तेही कळत नाही.

दुसरी बाजू संवर्धनाची. ॲटलास अर्ध्या आशियात आहे, एखादं जंगल तुटलं तर त्याची स्पीशीज संपत नाही. पण काई बेटांवरचा ऑरँटिॲकस किंवा डार्विनजवळचा वार्डी यांचं घरच एवढंसं आहे. सगळ्यांना एकाच नावाखाली टाकलं तर कागदावर सगळं आलबेल दिसतं. टॅप्रोबॅनिस या दोन्हींच्या मधे कुठेतरी येतो, त्याचा सगळा मुलूख म्हणजे दक्षिण भारतातली ओली जंगलं आणि श्रीलंका.

आता मथळ्यातले बाकीचे दावे, झटपट

सर्वात मोठा? पंखांच्या लांबीत अमेरिका खंडातल्या उष्ण जंगलांतला व्हाइट विच नावाचा पतंग पुढे आहे, तो जवळपास ३० सेंटीमीटरपर्यंत जातो, आपला साधारण २४-२५ पर्यंत. पंखांच्या क्षेत्रफळात ॲटलास आणि ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीचा हर्क्युलिस यांच्यात चुरस आहे. "जगातल्या सर्वात मोठ्या पतंगांपैकी" लिहा, कुणी नाव ठेवणार नाही.

अतिदुर्मिळ? रात्रीचा जीव, आठवड्याचं आयुष्य, दिवसा पानाआड. दिसत नाही म्हणजे नाही असं होत नाही. सह्याद्रीत जिथे जंगल टिकलंय आणि रात्री एखादा दिवा जळतो तिथे तो येतोच.

विषारी? पतंग चावूच शकत नाही, तोंडच नाही. अळीला डिवचलं तर ती तीव्र वासाचा द्रव उडवते, तो मुंग्या-पक्ष्यांसाठी असतो. डोळ्यात जाऊ देऊ नका, बस.

रेशीम? याच्या कोषातून सलग धागा नीट उलगडत नाही, कातून वापरावं लागतं, त्याला फगारा रेशीम म्हणतात, आणि तैवानमध्ये तर रिकाम्या कोषाच्या छोट्या पर्स करायचे. कोसा रेशमासारखा धंदा त्यावर उभा राहिला नाही.

दिसला तर काय करायचं

हात लावू नका, पंखावरचे खवले निघतात. बाटलीत भरून शाळेत नेऊ नका. फोटो मात्र व्यवस्थित काढा, पूर्ण पंख समोरून एक, मिशा जवळून एक (रुंद पिसासारख्या असतील तर नर, बारीक असतील तर मादी), जमलं तर पंखाची खालची बाजू, आणि मापासाठी शेजारी एखादं नाणं. मग आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर टाका किंवा मॉथ्स ऑफ इंडियाच्या साइटवर द्या, गावाचं नाव आणि तारीख टाकून. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मॉथ वीक असतो, त्यात पांढरी चादर आणि दिवा लावून बसणारे ग्रुप आता आपल्याकडेही बरेच झालेत, त्यांच्याबरोबर एक रात्र बसून बघा. फोटो काढून झाला की बाहेरचा दिवा तेवढा बंद करा, नाहीतर तो रात्रभर तिथेच आपटत बसतो आणि त्याच्या मोजक्या रात्रींतली एक वाया जाते.

आणि अळी दिसली तर ती पतंगापेक्षाही जास्त मोलाची समजा. अंगावर पांढरी मेणचट पावडर, बोटाहून लांब आणि जाड, असली अळी दालचिनीवर किंवा पेरूवर असेल तर औषध मारायच्या आधी झाडाचं नाव लिहून ठेवा. सह्याद्रीतला हा पतंग कुठल्या कुठल्या झाडांवर वाढतो याची यादी पेपरातल्या मथळ्यांनी नाही, अशा नोंदींनीच भरते.